केसभर घासलं की बसतं

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात कवळीमास्तर राहतात. दारावर पितळी पाटी आहे आणि तिच्यावर त्यांचं खरं नावही आहे, पण ते वाचायची तसदी आजवर कोणी घेतलेली नाही. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांची मापं येतात आणि मास्तरांकडून कवळ्या जातात, असा त्यांचा धंदा. पुढच्या खोलीत लॅब, मागच्या दोन खोल्यांत संसार. प्लास्टरच्या भुकटीला मात्र ही वाटणी मान्य नाही. त्यांच्या सोफ्यावरून उठलेली बाई जिन्यात दिसली की मागून बघणाऱ्याला विचारावं लागत नाही, कुठे गेला होतात म्हणून.

मी काही कुणाच्या घरात डोकावणारी नव्हे. पण माझ्या ओट्यासमोरची खिडकी नेमकी त्यांच्या लॅबच्या खिडकीसमोर उघडते आणि मधे फक्त कपडे वाळत घालायची सामायिक गॅलरी आहे. आता भाजी चिरताना माणसाने डोळे मिटून घ्यायचे का? बोट कापेल.

मास्तर साठीच्या उंबरठ्यावरचे, काटकुळे, चष्म्याच्या काचेवर आणखी एक भिंगाची काच अडकवलेले. रस्त्यात कोणी हसलं की ते आधी दात बघतात, मग माणूस ओळखतात. माझ्या सासूबाईंची कवळी त्यांचीच. इतकी पक्की बसली की बोलताना एकदाही निसटली नाही. त्याबद्दल मी मास्तरांना अजून माफ केलेलं नाही.

त्यांच्या धंद्याचा कायदा एकच, आणि तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात: पहिल्या झटक्यात जी कवळी बसते ती दुसऱ्याची असते. म्हणजे काय, तर कवळी करायची, तोंडात घालून बघायची, कुठे टोचते ते विचारायचं, तिथे केसभर घासायचं, परत घालायची. घासायचं छोटं यंत्र त्यांच्या हातात दिवसभर गुणगुणत असतं. आमच्या इमारतीत पाळीव भुंगा असल्यासारखं वाटतं.

आणि मास्तरीणबाई? त्या मास्तरांपेक्षा चांगल्या दहा-बारा वर्षांनी लहान. लग्न होऊन आल्या तेव्हा दातांच्या डब्या पुसायचं काम मिळालं. नंतर रंगाप्रमाणे दात लावून ठेवायचं. नंतर कधीतरी मेणात दात रचायला लागल्या आणि ते काम त्यांच्याकडेच राहिलं. समोरचे दात रचावेत तर त्यांनीच. एखादा दात जरासा वळवून ठेवतात, मग ते तोंड खरं वाटतं. डॉक्टर मंडळी मास्तरांची पाठ थोपटतात आणि मास्तर ती थोपटून घेतात. बाई आत चहा गाळत असतात.

तर एका सकाळी त्यांना काम पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मास्तर फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, कारण हात मेणाने भरलेले असतात. त्यामुळे मला कान द्यावा लागला नाही, तो आपोआप दिला गेला.

"मास्तर, पुढच्या महिन्यापासून मी प्लास्टरची मापं बंद करतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कॅमेरा घेतलाय. तोंडात फिरवला की जबड्याची फाईल तयार. ती पाठवत जाईन."

"पाठवा की," मास्तर म्हणाले. "कोणाबरोबर पाठवताय?"

 मग डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. फाईल कॉम्प्युटरवर येणार, तिथेच जबडा दिसणार, दातही तिथेच रचायचे, आणि रचलेली फाईल परत पाठवायची. मग एका केंद्रात कवळी छापून निघणार.

"एक काम चाचणीचं पाठवतेय," त्या म्हणाल्या. "निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांची वरची कवळी. पुढच्या शुक्रवारपर्यंत रचून द्या. जमलं तर माझं सगळं काम तुमच्याकडेच राहील. नाही जमलं तर मला मोठ्या लॅबकडे द्यावं लागेल, मास्तर. बाबांच्या वेळेपासून तुमच्याकडे येतंय ते, म्हणून आधी तुम्हाला विचारतेय. वाईट वाटून घेऊ नका."

मास्तरांनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी हात धुतले. पण लॅबचं खरं जेवण म्हणजे या डॉक्टरीणबाईंचं काम. बाकीचे दोघे-तिघे डॉक्टर म्हणजे नुसतं तोंडी लावणं. ते काम गेलं असतं तर पितळी पाटी तेवढी चकचकीत राहिली असती.

दात रचायचा तो प्रोग्राम घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चढेचना. त्याला ताकदवान यंत्र हवं होतं. "तयार घ्या ना एखादा," मी गॅलरीतून सुचवलं.

"शेजारीणबाई," मास्तर गंभीरपणे म्हणाले, "तयार कवळी कधी कोणाच्या तोंडात बसलेली पाहिलीत?"

म्हणजे सुटे भाग आणून कॉम्प्युटर घरी जोडायचा ठरला.

आणि अशा वेळी मेहुणे आले नाहीत तर ते मेहुणे कसले! मास्तरीणबाईंचे धाकटे भाऊ विम्याच्या ऑफिसात आहेत आणि त्यांना जगातलं सगळं माहीत आहे; विम्याचं तेवढं विचारू नये. रविवारी ते एक पाकीट घेऊन हजर. पाकिटात हिरव्या रंगाच्या दोन पट्ट्या. रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची चालू कामापुरती आठवण.

"माझ्या जुन्या कॉम्प्युटरमधली आहे, भावोजी. कॉम्प्युटर भंगारात काढला, पण ही ठणठणीत आहे. मोठी आहे. हल्ली रॅमला काय भाव आलाय माहितीये? घ्या, तुमचा खर्च वाचला."

"अरे पण ती चालेल का यांच्या नव्या कॉम्प्युटरला?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"ताई, रॅम म्हणजे रॅम. मीठ काय एका भांड्यात चालतं आणि दुसऱ्यात चालत नाही?"

ताईंनी पाकीट टेबलावर ठेवून घेतलं. धाकटा भाऊ हौसेने काही घेऊन आला की बहिणीला नाही म्हणवत नाही, आणि बायकोचा भाऊ घेऊन आला की नवऱ्याची नाही म्हणायची टाप नाही.

सोमवारी मास्तर सुट्या भागांच्या दुकानाला निघाले. मला तसेही टॉर्चचे सेल आणायचे होते, म्हणून मीही निघाले. आमचे हे म्हणाले, "टॉर्च कुठाय आपल्याकडे?" मी म्हटलं, सेल आले की टॉर्चही घेऊ.

दुकान म्हणजे एक लांबट बोळ. दोन्ही भिंतींवर पिशव्यांतून लटकलेल्या हिरव्या-काळ्या पाट्या, आणि शेवटी उंच स्टुलावर दुकानदारीणबाई. अंबाड्यात पेन्सिल खोचावी तसा स्क्रूड्रायव्हर खोचलेला. मास्तरांनी आधी त्यांचे दात पाहिले, मग नमस्कार केला.

"प्रोसेसर कुठल्या सॉकेटचा हवा?" त्यांनी विचारलं.

आता प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, एक चपटी चौकोनी चकती. ती मदरबोर्ड नावाच्या मोठ्या पाटीवर ज्या खाचेत बसते ते सॉकेट. प्रत्येक सॉकेटमध्ये त्याच्या जातीचाच प्रोसेसर बसतो. मला हे समजायला दोनदा ऐकावं लागलं. मास्तरांनी एकदाच मान हलवली. "म्हणजे हिरडी," म्हणाले.

बाईंनी दोन बोर्ड काउंटरवर ठेवले. "हा जुन्या सॉकेटचा. स्वस्त पडेल, आणि याला डीडीआर-फोर जातीची रॅम लागते, ती जुनीपानीही मिळते. पण या सॉकेटसाठी आता नवे प्रोसेसर येणार नाहीत. पुढे काम वाढलं तर बोर्डासकट सगळं बदलावं लागेल. हा दुसरा नव्या सॉकेटचा. याला रॅम डीडीआर-फाइव्हच लागणार, तीही नवी घ्यावी लागेल. पण चार-पाच वर्षांनी यंत्र हळू वाटायला लागलं तर नुसता प्रोसेसर काढायचा, नवा बसवायचा. बाकी सगळं तेच."

"जुनं सॉकेट मेलं म्हणायचं का?"

"चालतंय अजून. पण पुढे काही नाही त्याला."

"म्हणजे आमच्यासारखंच," मास्तर म्हणाले.

"किती वर्षं वापरणार तुम्ही?"

"ते मलाच विचारताय की यंत्राला?"

बाई हसल्या. मास्तरही हसले, पण तो प्रश्न त्यांना लागला असावा. बराच वेळ ते दोन्ही बोर्डांकडे पाहत उभे राहिले. नव्या सॉकेटमधल्या बारीक सोनेरी टाचण्या भिंगाखाली धरून पाहिल्या. "एकही वाकडी नाही," असं स्वतःशीच म्हणाले. कारागिराला वस्तू आवडली की त्याचा चेहरा लहान मुलासारखा होतो. तो तसा झाला.

"हा नवाच द्या," ते म्हणाले. "त्याचा प्रोसेसर, पंखा, डबा आणि पडद्यावर चित्र दाखवणारं ते कार्डही द्या. रॅम नको, रॅम आहे."

"कुठली आहे? फोर की फाइव्ह?"

मास्तरांनी खिशातून पट्टी काढली. पाकिटासकट बरोबर आणली होती. बाईंनी एक नजर टाकली. "ही फोर आहे. यात बसणार नाही."

"लांबी तर तीच दिसतेय."

"लांबी तीच असते. खालच्या कडेची खाच वेगळ्या जागी असते. हे बघा." त्यांनी बोर्डावरच्या फटीत असलेला उंचवटा नखाने दाखवला, मग पट्टीची खाच दाखवली. दोन्हींत नखाएवढंही अंतर नव्हतं.

"एवढंच?" मास्तर म्हणाले.

तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही, कारण त्यांचा फोन वाजला होता आणि त्या कोणाला तरी झापण्यात गुंतल्या होत्या. तेवढ्यात मास्तरांनी सामान उचललं.

एक गोष्ट मला आधीच सांगायला हवी होती. माझी लेक नोकरीला परगावी गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप आमच्याकडे ठेवून गेली. डॉक्टरीणबाईंचा फोन आला त्याच दुपारी, मास्तर जेवून आडवे झाल्यावर, मास्तरीणबाई माझ्या दारात उभ्या. "तो लॅपटॉप जरा बघू का?" दात रचायच्या प्रोग्रामची शिकाऊ लोकांसाठी एक छोटी, फुकट आवृत्ती मिळते, ती त्यांनी शोधून काढली होती. लॅपटॉप धापा टाकत होता. एक दात हलवला की मधे भाजीला फोडणी देऊन होत असे. पण रोज दुपारी त्या माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसायच्या आणि पडद्यावर दात रचायच्या.

"मास्तरांना सांगायचं नाही?" मी विचारलं.

"आधी मला जमतं का ते बघू दे. नाही जमलं तर त्यांना उगाच वाटेल, आता दोघांनाही जमत नाही."

माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती आहे. हे राहिलं.

मंगळवारी मास्तरांनी कॉम्प्युटर जोडायला घेतला. टेबलावरचे प्लास्टरचे जबडे बाजूला केले, स्वच्छ कापड अंथरलं. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवतानाचा त्यांचा हात बघण्यासारखा होता. कोपऱ्यातला बारीक त्रिकोण त्रिकोणाशी जुळवला आणि चकती नुसती सोडली. दाबली नाही, हलवली नाही. मी खिडकीत श्वास रोखून उभी. माझी भाजी कढईला लागली ती तेव्हाच.

मग भुंगा गुणगुणायला लागला.

मला वाटलं, मधेच एखादी कवळी हातात घेतली. नीट पाहिलं तर चिमटीत हिरवी पट्टी! मास्तरांनी मोजपट्टीने माप घेतलं होतं, पेन्सिलीने बारीक रेघ मारली होती, आणि पट्टीची खाच त्या रेघेपर्यंत घासत होते.

"अहो मास्तर! काय करताय?" मी ओरडले.

"काही नाही. केसभर कमी करतोय."

"पण कडेच्या सोनेरी रेघा घासून चालल्या ना!"

"दोन-चार गेल्या," ते शांतपणे म्हणाले. "एवढे दात आहेत. दोन-चार पडले म्हणून काय माणूस खायचा थांबतो?"

 मास्तरीणबाई बाजारात गेल्या होत्या. मास्तरांनी भुकटी फुंकली, पट्टी फटीत धरली. थोडी अडली. परत काढली, परत घासली. मग पॉलिशच्या चाकावर कड फिरवली, बोट फिरवून खात्री केली आणि पट्टी दाबली. टक! दोन्ही बाजूंच्या कड्या बंद झाल्या. "आधी एकच," मला म्हणाले, "कवळीसुद्धा आधी मेणाची घालून बघतो आम्ही." आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. डब्यात निळा दिवा लागला. पडदा काळाच. मास्तर वाट पाहत राहिले. मग एक वास आला, इस्त्री विसरल्यासारखा, आणि त्यांनी झटकन वायर ओढली.

नेमक्या तेव्हा मास्तरीणबाई पिशव्या घेऊन दारात. "कसला वास येतोय?"

मास्तरांनी पट्टी काढून कापडावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. एरवी कवळी बिघडली तर ते प्लास्टरला, हवेला, डॉक्टरला, पेशंटच्या जिभेला, ज्याला सापडेल त्याला बोलतात. त्या दिवशी कोणालाच बोलले नाहीत, तेव्हा मला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी लॅबला कुलूप. मास्तर, मास्तरीणबाई आणि मी, तिघं दुकानात. मी का? टॉर्च घ्यायचा राहिला होता ना.

दुकानदारीणबाईंनी बोर्ड उलटसुलट पाहिला, मग पट्टी हातात घेतली. चष्मा डोळ्यांवर ओढला.

"ही खाच कोणी केली?"

"मी," मास्तर म्हणाले.

"आणि ही कड? ही पॉलिश कोणी केली?"

"मीच."

"का पण?"

"खरखरीत राहिली असती."

"मग? मदरबोर्डाला टोचली असती?"

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मी भिंतीवरच्या वायरी मोजायला लागले. मास्तर खाली बघून म्हणाले, "सवय, बाई. घासल्याशिवाय काही बसतं यावर माझा विश्वासच नाही."

"नुसती खाच नाही हो वेगळी," बाई आता मऊ आवाजात म्हणाल्या. "फोर आणि फाइव्ह, दोघींना वीज वेगळी लागते, त्यांची कामाची रीत वेगळी. खाच मुद्दाम वेगळी ठेवतात, चुकून कोणी लावू नये म्हणून. ती अडली म्हणजे ती तुम्हाला थांबवत होती."

मग त्यांनी स्वतःची तपासणीची छोटी पट्टी घेतली, बोर्डावरच्या दुसऱ्या फटीत लावली, पडदा जोडला. आम्ही तिघं एका रेषेत वाकलो. पडद्यावर अक्षरं उमटली.

"नशीब तुमचं. प्रोसेसर ठीक, बोर्ड ठीक. एक फट गेली, बाकीच्या चालतील. पण तुम्हाला लागते तेवढी मोठी रॅम आत्ता माझ्याकडे नाही. शुक्रवारी संध्याकाळी येईल."

"शुक्रवारी तर काम द्यायचंय," मास्तर म्हणाले.

"मग दुसरा उपाय सांगते. तो जुन्या सॉकेटचा बोर्ड आहे ना, तो प्रोसेसरसकट घ्या. तुमची दुसरी पट्टी, न घासलेली, त्यात चालेल. आज संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू. एका पट्टीवर जरा रखडेल, पण फाईल उघडेल. हा नवा बोर्ड मी परत घेऊ शकत नाही, पण कोणी गिऱ्हाईक आलं तर विकून देईन."

"आणि तो जुना किती दिवस पुरेल?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"ही फाईल होईल. वर्ष-दोन वर्षं ओढाल. मग प्रोग्राम मोठा झाला की परत माझ्याकडे याल."

मास्तरांनी मान हलवली. "वर्ष-दोन वर्षं पुष्कळ झाली. द्या तो जुना. मला कुठे जन्मभर पुरवायचाय? डोळे तरी किती दिवस साथ देतील? माझ्याबरोबर तेही आटपेल."

बाईंनी जुन्या बोर्डाकडे हात नेला.

"थांबा जरा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण मास्तर वळले.

"अहो, तुम्ही किती वर्षं काम करणार ते परवापासून सगळ्यांना सांगताय. मी किती वर्षं करणार ते विचारलंत का?"

"तू?"

"मी. समोरचे दात आजवर कोण रचतंय?"

"अगं, ते मेणात. हे पडद्यावर आहे."

"पडद्यावरच रचतेय गेला आठवडाभर. यांच्या घरी, दुपारी. तुम्ही घोरत असता तेव्हा."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांच्या बायकोला फूस लावून पळवून नेलं होतं. मी म्हटलं, "माझ्याकडे नका बघू. मी फक्त फोडण्या दिल्या."

"आणि जमतंय?" त्यांनी बायकोला विचारलं. चेष्टा नव्हती त्यात.

"सुळे अजून रुसतात. बाकी जमतंय. तुम्ही दोन वर्षांत आटपाल, खुशाल आटपा. माझ्या हातात अजून पुष्कळ काम आहे. मला पुढे काहीच नसलेलं सॉकेट नको."

दुकानदारीणबाईंनी जुना बोर्ड अलगद मागे सरकवला. मग अंबाड्यातला स्क्रूड्रायव्हर काढून परत खोचला, बहुधा आनंदाने.

"आणि शुक्रवार?" मास्तर म्हणाले. "मुदत गेली तर सॉकेट कितीही नवं असू दे, काम कुठून आणणार?"

मास्तरीणबाईंनी मास्तरांच्या खिशातून फोन काढला, तिथेच उभं राहून डॉक्टरीणबाईंना लावला. इतक्या वर्षांत त्यांनी त्यांना कधी फोन केलेला मी तरी पाहिला नाही. स्पीकर नव्हता, त्यामुळे मला एकच बाजू ऐकू आली आणि ती फार त्रासदायक गोष्ट आहे.

"मी मास्तरांकडून बोलतेय... हो, मीच. कॉम्प्युटरचा एक भाग शुक्रवारी संध्याकाळी यायचाय... नाही, चूक आमचीच झाली... हो, रचणार मी... सोमवारी सकाळी?... त्यापुढे नाही मागणार. बरं."

फोन ठेवल्यावर त्या काउंटरला टेकून उभ्या राहिल्या. कपाळ पुसलं. "सोमवारी सकाळपर्यंत मुदत देते म्हणाल्या. आपण नाही दिलं तर फाईल मोठ्या लॅबकडे जाणार."

शुक्रवारी रॅम आली. मेहुणेही आले. "काय भावोजी, बसली ना माझी रॅम?"

"बसली," मास्तर म्हणाले. "पण कामाला लागली नाही." आणि दोन्ही पट्ट्या पाकिटात घालून परत केल्या. मेहुण्यांनी पाकिटात डोकावून पाहिलं, एक पट्टी बाहेर काढली, खाचेवरून बोट फिरवलं. "अरे वा, हिला कड फार सुंदर आहे. मी कधी पाहिलीच नव्हती!" असं म्हणून खिशात घातली. आम्ही कोणी काही बोललो नाही. बहिणीचं माहेर शाबूत राहिलं.

शनिवारी सकाळी फाईल उघडली. पडद्यावर मुख्याध्यापिकांचा जबडा आला, गुलाबी, स्वच्छ, आणि बोटाने फिरवावा तसा फिरायला लागला. मास्तरांनी नकळत हात पुढे केला आणि पडद्यावर अंगठ्याने हिरडी चाचपली. काचेला मेणाचा ठसा उमटला. मग त्यांनी माउस हातात घेऊन पाहिला, पण ते तो घासायच्या यंत्रासारखा धरत होते. एक दाढ थेट नाकाच्या जागी जाऊन बसली. ते मुकाट्याने उठले आणि खुर्ची बायकोपुढे सरकवली.

शनिवार-रविवार त्या खिडकीतून जे ऐकू येत होतं ते मी कोणत्याही कार्यक्रमापेक्षा मन लावून ऐकलं.

"सुळा आत घे."

"घेतलाय."

"अजून."

"अहो, ही मुख्याध्यापिका आहे, वाघीण नाही. पुरे."

"चावताना खालचा दात आपटेल."

"कुठे?"

"इथे. नाही, तुझ्या उजवीकडे. थांब, जबडा मिटून दाखव... बघ, आपटला."

"हं. आपटतोय खरा. बरोबर आहे तुमचं."

मास्तरांना चावा कळतो, बाईंना चेहरा कळतो. इतकी वर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन टोकांना पाठमोरे बसून हे करत होते. एकाचं झालं की दुसऱ्याकडे जायचं. आता पडदा एकच, त्यामुळे शेजारी शेजारी बसावं लागलं आणि तोंडातोंडी भांडावं लागलं. मुख्याध्यापिकांचा तरुणपणीचा एक फोटो डॉक्टरीणबाईंनी फाईलसोबत पाठवला होता, त्यात समोरचा एक दात किंचित दुसऱ्यावर चढलेला होता. मास्तरीणबाईंनी तो तसाच चढवला. मास्तर म्हणाले, "नव्या कवळीत वाकडा दात देणार?" बाई म्हणाल्या, "तिचाच आहे तो. तिला परत देतेय." 

सोमवारी सकाळी फाईल गेली. पुढचे काही दिवस कवळी छापून यायची वाट. मास्तर गॅलरीत येऊन उगाच कपडे चाचपायचे, वाळलेले असले तरी.

मग फोन आला. हात कोरडे असूनही मास्तरांनी स्पीकर लावला. सवय, किंवा शेजारधर्म.

"कवळी बसली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मागे एका जागी जरा दाबत होती, ते मी इथेच बघितलं. पण मास्तर, पेशंटनी आरसा पाहिला आणि पाचएक मिनिटं आरसा खाली ठेवलाच नाही. तो वाकडा दात कोणाची कल्पना?"

"हिची," मास्तर म्हणाले. "सगळंच हिने रचलंय. मी नुसता शेजारी बसून कटकट केली."

"मग पुढच्या आठवड्यापासून सगळ्या फाईली तुमच्याकडे पाठवू ना?"

एरवी मास्तर अशा वेळी 'पाठवा, पाठवा' म्हणून मोकळे होतात. या वेळी त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि "एक मिनिट हं" म्हणून फोन छातीशी धरून गॅलरीत आले. मास्तरीणबाई ओल्या चादरी पिळत होत्या.

"त्या विचारतायत, सगळं काम पाठवू का. काय सांगू?"

बाईंनी चादर झटकली. पाण्याचे थेंब माझ्या खिडकीपर्यंत उडाले. चादर दोरीवर टाकली, दोन्ही टोकं सारखी केली, एक चिमटा लावला.

"अगं, त्या फोनवर आहेत."

दुसरा चिमटा लावला. "मला कधी विचारलं नव्हतंत कामाचं," त्या म्हणाल्या.

"आता विचारतोय ना."

"तेच म्हणतेय. जरा ऐकू तरी द्या." तिसरा चिमटा त्यांनी दातांत धरला, उशीचा अभ्रा पिळला, सावकाश दोरीवर घातला. मास्तर फोन छातीशी धरून उभे. मी विळी खाली ठेवून उभी. पलीकडे डॉक्टरीणबाई फोन कानाशी धरून उभ्या असणार.

शेवटी बाईंनी चिमटा तोंडातून काढला. "पाठवा म्हणावं. पण दुपारी दोननंतर फोन नको. तेव्हा तुम्ही झोपता आणि मला निवांत काम करायचं असतं."